दर चौथ्या संध्याकाळी

म्हैस व्यायली आणि पारडी झाली की माझ्या सासरच्या गावी खरवस वाटणाऱ्याचा हात सैल सुटतो. रेडकू झालं तरी चीक तेवढाच निघतो, खरवस तितकाच गोड होतो, पण वाटणाऱ्याचा आवाज उतरलेला असतो. गाईला कालवड झाली तर आनंद. गोऱ्हा झाला तर पूर्वी तोही आनंदच, नांगराला बैल लागत होते तोवर. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचं कौतुक सरलं. शेळीचं गणित वेगळं, तिथे जत्रेआधी बोकडाला भाव येतो. खुराड्यात तलंगा सगळ्या राहतात, कोंबडा एखादाच. माझ्या सासूबाईंचं निम्मं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या अशा घरात गेलं, जिथे माजघराला लागूनच गोठा होता. नर की मादी हा प्रश्न त्यांनी प्रत्येक वेताला ऐकला आणि त्याचं उत्तर दर वेळी गोठ्याबाहेर ठरलेलं असायचं. दूध हवं, औत हवं, मटण हवं, बाजार कधी आहे.

पुण्याला आमच्या फ्लॅटमध्ये हॅमस्टर आणायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी ईरा जेवताना म्हणाली, "आधी नर की मादी ते ठरवायला लागेल."

सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "त्याचा उपयोग काय असतो गं?"

"काही नाही, आजी. ठेवायचा, खायला घालायचं, बघायचं."

"दूध नाही? पिल्लं विकायची नाहीत?"

"नाही."

"मग नर काय आन् मादी काय."

त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो तिथून सुरू झाला. ज्याच्याकडून दूध नको, ज्याला औताला जुंपायचं नाही, ज्याचा वंश वाढवायचा नाही, असं बोटभर उंचीचं जनावर घरात आणतानाही माणसं पहिला प्रश्न हाच का विचारतात? आणि ज्याला विचारावं तो एकच उत्तर का देतो? आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं, नर घ्या.

कारणंही ठरलेली. नर शांत, हातावर बसून राहतो. मादी चळवळी, जागेबद्दल कडक, चावरी. शिवाय तिला वास येतो. हे सगळं ऐकून मी वाचायला बसले. पाळीव हॅमस्टरांत रोबोरोव्हस्की, कॅम्पबेल अशा बुटक्या जाती आहेत आणि सगळ्यांत मोठा तो सीरियन, म्हणजे सोनेरी हॅमस्टर. नर-मादीची ही चर्चा रंगते ती मुख्यतः या सोनेरीबद्दल, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. या जातीत मादी नराहून अंगाने भरलेली असते. दर चार दिवसांनी एक संध्याकाळ ती माजावर येते. तेवढ्या काही तासांत ती नराला जवळ करते. एरवी तो समोर आला तर हुसकावून लावते. बंद पिंजऱ्यात त्याला पळायला जागा नसेल तर जिवानिशी मारूही शकते. म्हणून पैदास करणारे लोक मादीला नराच्या पिंजऱ्यात नेतात, नराला तिच्या पिंजऱ्यात कधीच सोडत नाहीत. रानात तर प्रत्येकाचं बीळ वेगळं. एका बिळात एकच मोठा हॅमस्टर, मग तो नर असो की मादी. सोबत ही गोष्टच त्यांच्या आयुष्यात नाही. तिच्या तापटपणाच्या पुष्कळशा कथा या नराला हुसकावण्यातूनच जन्मल्या असाव्यात असं मला वाटतं. माणसाच्या हाताशी ती कशी वागेल याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. ते ठरतं पिल्लू असताना तिला कोणी, किती हळूवार हाताळलं त्यावर, आणि पुष्कळसं त्या एकट्या जिवाच्या स्वभावावर. हातावर डोळे मिटून पडणाऱ्या माद्या असतात आणि बोट दिसताच दात लावणारे नर असतात.

वासाचं मात्र खरं आहे. माजाच्या संध्याकाळी मादीला कस्तुरीसारखा उग्र दर्प येतो, जवळ गेलं तर जाणवेल एवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी घट्ट, पांढरा, तार धरणारा स्राव दिसतो. नवीन माणूस तो पाहून पू समजतो आणि घाबरून डॉक्टरांकडे धावतो. नर पाळणाऱ्यांची धांदल वेगळ्या कारणाने उडते. वयात आलेल्या सोनेरी नराचे वृषण त्याच्या देहाच्या मानाने इतके मोठे असतात, आणि उकाड्यात ते असे खाली उतरतात, की शेपटीखाली गाठ आली, असं समजून लोक हवालदिल होतात. दोघांच्याही कुशीवर, कमरेच्या जरा वर, दोन गंधग्रंथी असतात. नराच्या जास्त काळ्या, ठळक. त्याही बघणाऱ्याला जखमेसारख्या वाटतात. म्हणजे घाबरण्याचं कारण दोन्हीकडे सारखंच आहे. तरी 'त्रास' हा शब्द मात्र मादीच्याच वाट्याला येतो.

दुकानात आम्ही मुद्दाम संध्याकाळी उशिरा गेलो. दुपारी हॅमस्टर झोपलेले असतात आणि झोपेतून उचललेला कुठलाही प्राणी स्वभावाने वाईटच वाटणार. काचेच्या टाकीत लाकडाच्या भुश्श्यावर दहा-बारा पिल्लं एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी पडली होती. त्यांतली काही नुकती हलायला लागली होती. दुकानातला मुलगा कामात तरबेज होता. त्याने एक सोनेरी पिल्लू तळहातावर उभं धरलं, पोट आमच्याकडे केलं आणि ईराला दाखवलं. मागच्या दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त, मादीत ती जवळजवळ चिकटलेली. मादीच्या पोटावर फुंकर मारली तर लवीखाली आचळांच्या दोन रांगा दिसतात. "ताई, नर घेऊन जा," तो मला म्हणाला. "मादीचा लई त्रास असतो. चार दिवसाला वास मारते."

ईराचं लक्ष त्याच्या हाताकडे नव्हतं. टाकीच्या कोपऱ्यात एक तिरंगी पिल्लू जागं होऊन काचेवर पुढचे पाय टेकून उभं होतं. अंगावर काळे आणि पिवळसर केशरी ठिपके, मध्ये पांढरा पट्टा. मुलगा म्हणाला, "तो पण नरच आहे, घ्या."

"दादा, तो नर नसणार," ईरा म्हणाली. "काळा आणि पिवळा दोन्ही आहेत ना, मग ती मादी आहे."

हे तिने मांजरांवरून शिकून ठेवलेलं. सोनेरी हॅमस्टरमध्येही पिवळ्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मादीकडे एक्स दोन. एकावर पिवळा आणि दुसऱ्यावर तो नसलेला, असं असेल तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स झोपी जातो आणि दुसरा काम करतो. जिथे पिवळा जागा राहतो तिथे पिवळा ठिपका, जिथे तो झोपतो तिथे काळा. नराकडे एक्स एकच, त्यामुळे तो एकतर पिवळा किंवा बिनपिवळा. दोन्ही रंग त्याच्या अंगावर एकत्र नांदत नाहीत. पांढरा पट्टा तिसऱ्याच जनुकाचा. दुकानातल्या मुलाने पिल्लू उचललं, फुंकर मारली, पाहिलं आणि मोकळेपणाने म्हणाला, "खरंय की. मादी आहे."

ईराने हात टाकीत सोडला आणि हलवला नाही. ते पिल्लू आलं, बोटं हुंगली, परत गेलं, पुन्हा आलं आणि तळहातावर चढून करंगळीशी थांबलं. निवड झाली ती तेव्हा. ती मादी होती ही आता फक्त तिच्याबद्दलची एक माहिती होती. ईराने तिचं नाव बाजरी ठेवलं.

पण ही माहिती गंभीर होती, हेही सांगायला हवं. टाकीत नर-माद्या एकत्र होते. हॅमस्टर महिना-दीड महिन्याचे झाले की वयात येतात, त्यामुळे अशा टाकीतून आणलेली मादी गाभण असू शकते. आणि तिचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा. नाळेने पोसल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांत इतका थोडा क्वचितच कुणाचा असेल. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली निवडलेली मेथी खाली ठेवली. "म्हशीला दहा महिने लागतात आणि हिला सोळा दिवस?" त्या दिवसापासून बाजरीकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली. जिचा उपयोग काही नाही, ती आता कदाचित व्यायला आलेली होती, आणि व्यायला आलेल्या जनावराशी कसं वागायचं हे त्यांना माहीत होतं. पिंजरा पंख्याच्या झोतातून हलवला गेला. नातवंडांना ओरडून बोलायची बंदी झाली. खाली घालायला कागदाचे बारीक तुकडे त्यांनी स्वतः फाडून दिले. १६ दिवस होऊन गेले, काही झालं नाही, आणि मला वाटतं त्यांना किंचित चुकल्यासारखं झालं.

व्यालेल्या हॅमस्टरला त्रास देऊ नये हे जगभर सांगितलं जातं, कारण घाबरलेली आई पिल्लं मारते. या जातीच्या पाळीव इतिहासाची सुरुवातच अशा एका आईपासून झाली आहे. सोनेरी हॅमस्टरचं शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउसने १८३९ साली सीरियातल्या अलेप्पोच्या एका नमुन्यावरून केलं. पुढे अनेक दशकं तो शास्त्रज्ञांच्या फारसा हाती लागला नाही. १९३० च्या दशकाच्या तोंडाशी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर हे परजीवीशास्त्रज्ञ काळ्या आजाराच्या गटातल्या रोगांवर काम करत होते. त्यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते, चीनमधले मिळायला आणि वाढवायला अवघड जात होते. इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या एका शेतात खणून एक बीळ उघडलं आणि पिलांसकट एक मादी बाहेर काढली. पेटीत ठेवल्यावर तिने जवळ आलेल्या पहिल्याच पिलाचं डोकं तोडलं. बरोबरच्या स्थानिक वाटाड्याने ते पाहून तिला विषाच्या बाटलीत टाकून मारलं. उरलेली पिल्लं अहरोनी नवराबायकोने हाताने वाढवली. त्यांतली काही निसटली, काही मेली, आणि शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या भावंडांपासून वंश सुरू झाला. १९३१ मध्ये अ‍ॅडलर यांनी काही हॅमस्टर कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. १९३८ मध्ये ते अमेरिकेत पोचले. आज जगभरच्या घरांतले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एका बिळाचे वारस आहेत. आमची बाजरीसुद्धा.

ही गोष्ट मी ईराला सांगितली तेव्हा ती बराच वेळ त्या आईबद्दलच बोलत राहिली. जिच्यापासून सगळे आले, तिला क्रूर ठरवून मारलं. तिच्या घराचं छत कुदळीने उडवलं होतं, तिला उजेडात ओढलं होतं, आणि त्यानंतर तिने जे केलं त्यावरून तिचा स्वभाव ठरला. मला ईराचं म्हणणं पटलं. अजूनही पटतं. काळ्या आजारावरचं ते संशोधन आवश्यकच होतं. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या गरीब वस्त्यांनी त्या रोगाने किती माणसं गमावली आहेत, हे विसरून चालणार नाही. हॅमस्टरचं आपल्यावरचं हे ऋण मी मानते. पण ऋण मानायचं तर त्या आईचंही मानायला हवं.

प्रयोगशाळेत हॅमस्टर पुढे दुसऱ्याच एका कारणाने प्रिय झाला. चाकावर धावायला तो रोज इतक्या ठरलेल्या वेळी उठतो, की शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच्यासारखा प्राणी नाही. १९८८ साली मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना एका नरात असा बदल सापडला, की त्याचा दिवस चोवीस तासांचा उरला नव्हता. त्याच्या वंशात वीस तासांच्या आसपासच्या दिवसाचे हॅमस्टर निपजले. नंतर मेंदूतला घड्याळाचा भाग एकातून काढून दुसऱ्यात बसवला, तर दुसरा पहिल्याच्या वेळेने जगू लागला. मोठं काम आहे हे. आणि हा प्राणी पक्का निशाचर, याबद्दल कुणाला शंका नव्हती. मग २००८ मध्ये रोल्फ गाटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण तुर्कस्तानातल्या रानातल्या माद्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्या माद्या बिळाबाहेर येत होत्या त्या जवळजवळ फक्त दिवसा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं रात्री धावलेली जात तिच्या स्वतःच्या मातीत उजेडात हिंडत होती. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. आपल्याला एखाद्या जिवाबद्दल जे पक्कं माहीत असतं, ते किती वेळा आपण त्याला दिलेल्या खोलीबद्दलचंच असतं!

प्रयोगशाळांनाही दुकानातल्या मुलासारखाच नर सोयीचा वाटत आला. मादीच्या शरीरात चक्र चालतं, तिचे आकडे दिवसागणिक हलतात, निष्कर्ष धूसर होतात, म्हणून नरच घ्या, अशी ती समजूत. अ‍ॅनलीस बीअरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी २०११ साली छापलेल्या पाहणीत मज्जाशास्त्रातल्या ज्या प्रयोगांत एकाच लिंगाचे प्राणी वापरले होते, त्यांत फक्त मादी असलेल्या एका प्रयोगामागे फक्त नर असलेले साडेपाच प्रयोग होते. २०१४ मध्ये झुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचे २९३ शोधनिबंध एकत्र तपासले. चक्राची दखल न घेता मोजलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलतात का, एवढंच पाहिलं. हलत नव्हते. ज्या कारणासाठी मादीला पिढ्यान्‌पिढ्या बाजूला ठेवलं, ते कारणच टिकत नव्हतं. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्या संशोधकांना दोन्ही लिंगांचा विचार करायला लावलं. त्याआधी, २०१३ मध्ये, झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस तिथे १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणावा लागला, कारण बायकांच्या शरीरातून ते औषध सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल उरतो. कित्येक वर्षं बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेत होत्या. सोयीचा प्राणी निवडणं आणि शेवटी औषधाच्या पाकिटावर चुकीचा आकडा छापला जाणं, यांत फार अंतर नाही असं मला वाटतं.

आमच्या घरी बाजरीचं चक्र मोजलं गेलं ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर. त्या कॅलेंडरवर आधीपासून खूप काही असतं. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, संकष्टी, आणि माझे स्वतःचे पेन्सिलीचे ठिपके. ईराने हिरव्या पेनाने बाजरीचे ठिपके सुरू केले. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण आजीला ते लगेच कळलं. "म्हशीचं एकवीस दिवसांनी बघावं लागतं," त्या म्हणाल्या, "हिचं चारला." माज ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. म्हैस मुका माज करते, हंबरत नाही. तिच्या डोळ्यावरून, खाण्यावरून ओळखावं लागतं. नाही ओळखलं तर एकवीस दिवस वाया, म्हणजे तेवढं दूध मागे पडलं. इथे वाया जाण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या. सोनेरी मादी माजाच्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जरा आधी बाहेर पडते आणि चाकावर जास्त धावते. आजीने हे पुस्तक न वाचता पाहिलं. "आज लवकर उठलीय, आज तिचा दिवस," असं त्या म्हणायच्या, ईरा कॅलेंडर बघायची आणि ठिपका तिथेच असायचा.

ईराला तेव्हा नुकतीच पाळी सुरू झाली होती. एकदा तिने विचारलं, बाजरीलाही पाळी येते का? मी तिला सांगितलं, नाही. हॅमस्टरचा तो पांढरा स्राव म्हणजे रक्त नसतं, ती वेगळी गोष्ट आहे. पाळी येणारे प्राणी जगात मोजके, जसे माणूस, काही माकडं, काही वटवाघळं आणि अलीकडे सापडलेला एक काटेरी उंदीर. मला तिच्या मनात दोन गोष्टींची गल्लत होऊ द्यायची नव्हती. हॅमस्टरची मादी म्हणजे बाई नव्हे, आणि बाईचं दुःख सांगायला तिला वापरून घेणं बाजरीवरही अन्याय आहे.

पण आजीच्या मनात दोन्ही जवळ आले होते. पिंजऱ्यासमोर बसल्या बसल्याच त्यांनी आम्हाला त्यांच्या चार दिवसांबद्दल सांगितलं. लग्न होऊन आल्यावर त्यांना पडवीत बसावं लागे. ताट वेगळं, घोंगडं वेगळं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाणं. थंडीतसुद्धा. गोठ्यातली जनावरं पडवीच्या पलीकडेच, त्यांचा ऊबदार वास यायचा आणि त्यांच्या जवळ जाऊन झोपावंसं वाटायचं. "म्हशीचा दिवस कधी हे सासरे मला विचारायचे," त्या म्हणाल्या. "माझे दिवस आले की नजर वळवायचे." त्या रडल्या नाहीत, आवाजही चढला नाही. ईरा त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती. पुढच्या महिन्याच्या पानावर ईराने बाजरीच्या हिरव्या ठिपक्यांशेजारी स्वतःचे लाल ठिपके काढले, आजीला दिसतील असे, आणि आजीने त्या पानावर नेहमीप्रमाणे दुधाचा हिशेब लिहिला. आमच्या घरात पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही हा नियम त्यानंतर कधी कुणी उच्चारला नाही.

मादी घेणाऱ्याने काय सांभाळावं हेही या मोजण्यातूनच येतं, म्हणून सांगते. चार दिवसांनी येणारा पांढरा स्राव एका दिवसात संपला की सगळं ठीक. तो थांबत नसेल, घाण वास येत असेल, रक्त दिसत असेल, पोट फुगलं असेल, पाणी खूप पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि तेव्हा तासांचाही उशीर परवडत नाही. ज्याने ठिपके ठेवले आहेत त्याला हा फरक पहिल्या दिवशी कळतो. नर घेणाऱ्याचे ठिपके नसतात, पण त्यालाही दर आठवड्याला हातावर घेऊन शेपटीखाली, कुशीवर, दातांकडे पाहावंच लागतं; हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढतात.

नराच्या बाजूने मी अजून थोडं बोलते. ईराच्या मैत्रिणीकडे लांब केसांचा सोनेरी नर आहे. लांब केसांच्या हॅमस्टरांत कमरेपासून लोळणारा झुलता घोळ येतो तो फक्त नरालाच. मादीचे केस जेमतेम कानामागे आणि बुडाशी लांब होतात. तो सुंदर आहे, मऊ आहे आणि खरोखरच हातात निवांत पडून राहतो. त्याचे केस मात्र रोज विंचरावे लागतात, नाहीतर भुस्सा अडकून गुंता होतो. त्या घरात ते प्रेमाने करतात. शांत प्राणी ज्याला हवा त्याने शांत प्राणी शोधावा, त्यात गैर काही नाही. मला खटकतं ते एवढंच, की तो शोध टाकीसमोर थांबून, हात पुढे करून घेण्याऐवजी पोटाखालच्या दोन छिद्रांमधल्या अंतरावर संपतो.

बाजरी आता म्हातारी झाली आहे. हॅमस्टरला दोन-तीन वर्षांचं आयुष्य. ठिपके आता विरळ झालेत, चक्रही पूर्वीसारखं नेमाने येत नाही. तिचं चाक अजून चालतं, पण मध्ये मध्ये थांबून. गालाच्या पिशव्यांत ज्वारीचे दाणे भरायचे आणि मडक्यात नेऊन साठवायचे, हे काम तिने सोडलेलं नाही. ते मडकं सासूबाईंचं आहे, कुंभाराकडून आणलेलं, आडवं ठेवलेलं. पुण्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि हॅमस्टरला तिशीच्या वर त्रास होतो. रानातलं बीळ जमिनीत दोन हात खोल असतं, तिथे असला उन्हाळा पोचत नाही. मातीचं मडकं बाहेरून ओलं केलं की आत थोडा तरी तसा गारवा मिळतो.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचा अर्णव आला. त्याला हॅमस्टर घ्यायचा आहे, आईने होकार दिलाय. त्याने ईराला विचारलं, "ताई, नर घेऊ की मादी?"

"पिंजरा केवढा आणणारेस?"

त्याने हाताने दाखवलं. ईराने त्याचे दोन्ही हात धरून दुप्पट लांब केले. मग विचारलं की चाक केवढं. हॅमस्टर धावताना पाठ वाकली तर चाक छोटं, निदान वीतभर व्यासाचं हवं. मग दोन एकत्र नाही आणायचे, हे सांगितलं. मग दुपारी जायचं नाही, संध्याकाळी जायचं, हात टाकीत ठेवायचा आणि हलवायचा नाही.

"आणि नर की मादी?"

"मे महिन्यात कुठे ठेवणारेस?" ईरा म्हणाली. "तुमचं घर तर टेरेसखाली आहे."

अर्णवने यावर विचार केला नव्हता. तो खाली बसला, सासूबाईंनी त्याच्या हातावर चिक्की ठेवली आणि कुंभाराचा पत्ता सांगायला सुरुवात केली.